गळती माझ्यात नव्हती

मी तनुजाचा पाण्याखाली बघायचा मास्क. एक काच आणि भोवती रबराची मऊ कड, एवढाच माझा संसार. पण माझ्या चुकीनं आजवर एक थेंबही आत शिरलेला नाही. गर्व म्हणा हवं तर.

लग्नानंतर तनुजा आणि जयदीप मालवणला निघाले, तेव्हा तिनं मला विकत घेतलं. भाड्याचा मास्क तिला चालेना. चाकणच्या कंपनीत ती गाड्यांच्या दारांची रबरं तपासते. पाणी कुठून शिरेल हे शोधायचाच तिला पगार मिळतो. किल्ल्यामागच्या खडकापाशी आम्ही तासभर तरंगलो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे काचेला नाक लावून गेले. बाईसाहेब वर यायला तयारच नव्हत्या.

मग विजयश्री जन्मली आणि मी रहाटणीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर गेलो. तनुजा आता सगळंच तपासू लागली: गॅसचा नॉब, खिडकीची कडी, झोपलेल्या मुलीचा श्वास.

पाच वर्षांनी पुन्हा मालवण ठरलं. कात्रजलाच ती म्हणाली, "या वेळी पाण्यात नाही जमलं ना, तर हा मास्क देऊन टाकू कुणाला तरी."

मागच्या सीटवरच्या पिशवीतून मी सगळं ऐकलं.

बोटीत तिनं विजयश्रीला जाकीट घातलं, वर ओढणीनं जयदीपच्या कमरेला बांधलं.

"अगं, मी बाप आहे तिचा, खुंटा नाही," तो म्हणाला.

तनुजा उतरली. चेहरा खाली, लगेच वर, नजर बोटीकडे. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझ्यात नाकापर्यंत पाणी.

"गळतोय हा. रिजेक्ट," म्हणत तिनं शिडी धरली.

बोटवाल्या भिवानं मला स्वतःच्या तोंडाला लावलं, नाकानं श्वास ओढला आणि हात सोडले. मी चिकटलेलाच.

"वैनी, हेका काय झालेला नाय. तुमी कपाळाक आठये घालतास, थंयसून पाणी शिरता. तोंड सैल सोडा."

तनुजा ओशाळली. बोटीत विजयश्री चिक्की चघळत होती.

"आई, तू सारखी वर येतेस, म्हणून मासे पळतात. जा ना."

ती गेली. आधी जबडा सैल झाला, मग गाल. कपाळ सगळ्यात शेवटी. माझी कड नीट बसली. खडकावरची प्रवाळं पूर्वीपेक्षा फिकी पडली होती, पण एक पट्ट्यांचा मासा थेट काचेसमोर येऊन थांबला. तनुजाला हसू आलं. गाल हलले आणि थोडं पाणी आत शिरलंच.

वाटलं, आता ही वर जाणार. पण तिनं माझी वरची कड बोटानं दाबली, नाकातून जोरात श्वास सोडला, पाणी बाहेर घालवलं आणि पुढे पोहत राहिली. बोटीकडे न बघता.

आयुष्यात इतका ताठ मी कधी बसलो नव्हतो.

हल्ली मी बाल्कनीत खिळ्याला असतो. रविवारी मायलेकींबरोबर पोहायच्या तलावावर जातो. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी माळ्यावर पडला असेल, तर त्याला खाली काढा. रबर वापरून कमी झिजतं, नुसतं ठेवून जास्त.