मिनिटाला वीस शब्द

काचेला नाक टेकवलंत तरी चालेल, पण बोट लावायचं असेल तर आधी हात पुसून या! मित्रांनो, मी म्हणजे पितळेचा नुसता तुकडा नाही. सावली गावच्या तारघरातला, तार पाठवायचा खटका आहे मी. आज तुमच्या शाळेच्या कपाटात दगडांच्या नमुन्यांशेजारी बसलो असलो, तरी एके काळी या पंचक्रोशीत माझ्याइतकं भरभर धावणारं काहीच नव्हतं. घोडा नाही, सायकल नाही, आगगाडीसुद्धा नाही!

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडाच्या भुशात गुंडाळून मला बल्लारपूर स्टेशनावर उतरवलं आणि बैलगाडीने सावलीला आणलं. इथे मला दाबलं की तारेवरून तो ठोका थेट बल्लारपूरच्या तारघरात वाजायचा. आखूड ठोका, लांब ठोका, त्यांचीच अक्षरं व्हायची.

माझे तारबाबू रामाजी. त्यांनी परीक्षेचं प्रमाणपत्र काचेत मढवून भिंतीवर टांगलं होतं. पाहुणा आला रे आला की मिशीवर हात फिरवून सांगायचे, "मिनिटाले वीस शब्द! हाय का कोणी दुसरा?" आणि खरं सांगतो, माझीही छाती फुगायची.

आता हे वीस शब्द म्हणजे काय, ते नीट ऐका. ते इंग्रजी मापाचे शब्द. पाच अक्षरांचा एक शब्द धरायचा, म्हणजे मिनिटाला शंभर अक्षरं. पण नागरी लिपीतून तारा सुरू होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. नागरीत काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांची खूण वेगळी वाजवायची. एकेक शब्द दहा-दहा खुणांचा व्हायचा. त्यातून रामाजींचा हात नवा, मिनिटाला जेमतेम साठ खुणा जायच्या. म्हणजे नागरीत वीस शब्द कुठले, सहाच! मला हे ठाऊक होतं, कारण ठोके मी खात होतो. पण खटक्याला विचारतो कोण?

एका उन्हाळ्यात दुपारी दवाखान्याच्या नर्सबाई, सुगंधाबाई, तारघरात धावत आल्या. मागोमाग जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा चैतू, घामाने निथळलेला.

"भाऊ, टोल्यावर हैजा आला," चैतू म्हणाला. कॉलऱ्याला इकडे हैजा म्हणतात. "माही बायको धुरपता सकाळपासून पडून हाय. डोळे आत गेले तिचे. लवकर करा ना!"

"डाक्टरसाहेबाची लॉरी बल्लारपूरले हाय," सुगंधाबाई म्हणाल्या. "आज राजुऱ्याकडे निघून राह्यली. सलाईन तिच्यातच हाय. तिले इकडे वळवलीच पाहिजे."

रामाजींनी घड्याळ पाहिलं. तीनला दहा मिनिटं होती. मूल गावाजवळच्या जंगलात उधईने, म्हणजे वाळवीने पोखरलेला तारेचा खांब बदलायला लाइनमन गेले होते. बरोबर तीनला ते खांबावरची तार सोडवणार होते, आणि मग उद्यापर्यंत आमची बोलती बंद.

सुगंधाबाईंनी भराभर मजकूर लिहिला. पण डॉक्टर पडले मोठे साहेब! त्यांना हुकूम कसा सोडायचा? म्हणून आधी साष्टांग नमस्कार, मग त्यांच्या आईच्या तब्येतीची चौकशी, मग विनंती. रामाजींनी शब्द मोजले.

"चाळीस? अहो बाई, दोन मिनिटांचं काम! बसा, पाणी प्या. चैतू, तू बी बस."

आणि त्यांनी निवांतपणे पान लावायला घेतलं. अहो रामाजी, ते वीसचं माप इंग्रजीचं! मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या नशिबी दुसऱ्याच्या बोटानेच बोलणं.

तीनला पाच कमी असताना आम्ही सुरुवात केली. मी जिवाच्या आकांताने धावलो. बल्लारपूरला नमस्कार पोचला, डॉक्टरांच्या आईची विचारपूस पोचली, आणि रामाजींनी वर पाहिलं तर दोनच मिनिटं उरलेली! विनंती अजून यायचीच होती.

"असं काऊन झालं?" रामाजींच्या कपाळावर घाम फुटला. "वीसचा वेग हाय माहा!"

"भाऊ, शब्द राहू द्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "काना-मात्रा धरून मिनिटाले किती जाते, ते सांगा."

"साठ."

"म्हणजे सारं नाई जात. पण विनंती केल्याबिगर साहेबाले कसं..."

"बाई!" चैतूने हात जोडले. "नमस्कार मी सोता करीन. पाया पडीन साहेबाच्या. तुम्ही फक्त हैजा लिहा!"

सुगंधाबाईंनी सगळ्या मजकुरावर काट मारली आणि खाली पाचच आखूड शब्द लिहिले: हैजा, सावली, लॉरी वळवा, सलाईन. बोलण्यात एक मिनिट गेलं होतं. उरलेल्या साठ खुणांत हे दोनदा बसत होतं. पहिल्यांदा पाठवलं. पलीकडून ठोके आले, पुन्हा सांगा. पुन्हा धावलो. शेवटचा शब्द चालू असतानाच तार मेली. मी खाली बसलो, पण आवाज कुठेच गेला नाही.

तार पोचली की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. रामाजींनी तोंडातलं पान बाहेर थुंकलं.

"चूक माही हाय बाई. इंग्रजीच्या मापानं मराठी मोजली."

"माही बी हाय. नमस्कारात येळ घालवला मी," सुगंधाबाई म्हणाल्या. चैतू रस्त्याकडे पाहत राहिला.

दिवेलागणीला रस्त्यावर भोंगा वाजला. लॉरी! डॉक्टरांनी आतूनच विचारलं, "हैजा कुठे आहे?" आणि चैतू लॉरीच्या पायरीवर कधी चढला, ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. नमस्कार करायचाही विसरला पठ्ठ्या!

पुढे एका बाजाराच्या दिवशी धुरपता स्वतः चालत तारघरात आली. पानांच्या द्रोणात रामाजींसाठी चारोळ्या आणल्या होत्या. तिने माझ्यावर तळहात ठेवला. "हाच का तो? एवढुसाच?" त्या हातासारखी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही. रामाजींनी प्रमाणपत्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'इंग्रजी वीस, नागरी सहा.' आणि मग पाहुण्यांना तेही मिशीवर हात फिरवूनच दाखवू लागले.

मग फोन आले, तारघर उठलं, मी अडगळीत वर्षानुवर्षं हिरवा पडत गेलो. तुमच्या गुरुजींनी मला इथे आणलं, हे त्यांचे उपकार. परवा तुमच्यातलीच एक जण माझ्यासमोर कुरकुरत होती, "नेटची शंभरची लाइन घेतली न् फाइल साडेबारानंच उतरून राह्यली. फसवलं आमाले!" मला रामाजींची आठवण झाली. अगं, लाइन मोजतात मेगाबिटमध्ये, फाइल मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. शंभरला आठाने भाग, साडेबाराच येतील. कोणी फसवलं नाही, माप बदललं!

तुमच्या हिशोबात माझा तो वीस शब्दांचा वेग सेकंदाला सोळा-सतरा बिट भरतो. हसा, खुशाल हसा. पण वेग सांगाल तेव्हा माप आधी सांगत जा. आणि अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा. मी एवढुसाच आहे, हे मला मान्य आहे. पण त्या एवढुशात धुरपताचा जीव मावला होता.