फाटकाला कोण उतरलं?

"फाटक कुणी लावलं?" पिकअप थांबायच्या आतच लायल क्रॉदर ओरडला.

फाटकाशी मेंढरं दाटून उभी होती. उत्तरेच्या वाळवंटावरून वारा भट्टीतून सुटल्यासारखा येत होता आणि गव्हाच्या धसकटांतून लाल धूळ उठत होती. हौद फाटकाच्या पलीकडं. मेंढरांना पाणी दिसत होतं, त्याचा वास येत होता, आणि ती जिभा काढून ताटकळत होती.

शेजारी बसलेली त्याची बायको नोएलीन खाली उतरली. त्या मुलखात गाडी हाकणारा फाटकाला उतरत नाही. उतरतो तो शेजारी बसलेला. लग्न झाल्यापासून नोएलीनच उतरत आली होती. तिनं साखळी सोडली तशी मेंढरं पाण्यावर लोटली. एक म्हातारी मेंढी तेवढी उठलीच नाही.

"सकाळी रान बघायला आला हुता ना, त्या शहाण्याचं काम हे!" लायल पाय आपटत खाली आला. "फाटक जसं सापडलं तसं सोडावं, हे हितल्या शेंबड्या पोराला ठावं असतंय. असल्याच्या हाती मी रान देणार न्हाई. सांग त्या दलालाला."

"पहिल्या गिऱ्हाइकाचे बूट लई चकचकीत. दुसरा लई हसतोय. आता ह्यानं फाटक लावलं." नोएलीननं कमरेवर हात ठेवले. "नावडतीचं मीठ अळणी! तुला गिऱ्हाईकच नकोय, लायल. पोरगं काय खाणीवरची नोकरी सोडून रान कसायला परत यायचं न्हाई. आन तू रातभर घरात येरझाऱ्या घालतोस, मला डोळा लागू देत न्हाईस."

"मेंढी मेली माझी!"

"दिसतंय मला." तिनं वाकून मेंढीच्या तोंडावरची धूळ पुसली. मग तशीच वाकलेली म्हणाली, "सकाळी मोटार कुणाची हुती?"

"त्याचीच की."

"हाकत कोण हुतं?"

"त्योच. मी शेजारी बसून रान दावत..."

लायल थांबला. औंदा नांगरट कशी झाली, मागं एका साली ह्याच रानात गहू कसा छातीला लागला होता, हे सांगता सांगता तो उघड्या फाटकालाही उतरला होता. गाडी पुढं गेल्यावर हातांनी सवयीनं साखळी अडकवली होती. मन मात्र तिथं नव्हतं.

टोमणा नोएलीनच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

दोघांनी मिळून मेंढी पिकअपमध्ये चढवली. लायलनं हात पँटीला पुसले, पुन्हा पुसले.

"दलालाला फोन कर," तो म्हणाला. "म्हणावं, त्या माणसाला देतोय."

मग तो वळसा घालून शेजारच्या बाजूला जाऊन बसला.

"हे काय?" नोएलीन म्हणाली. "माझ्या हाकण्याला तर जलमभर नावं ठेवलीस."

"हाक आता. फाटकाला मी उतरतो."

तिनं गाडी चालू केली. धुळीतून पुढचं फाटक दिसू लागलं.

"फकस्त," लायल समोर बघत हळूच म्हणाला, "उघडं हुतं का लावलेलं, तेवढं तू सांगत जा."