न धुतलेले सदरे

"फोन बंदच येतोय," मावशी कुत्र्याला म्हणाली. "तुझा मालक कुठं जाऊन बसलाय कोण जाणे!"

म्हाताऱ्याने मानही वर केली नाही. सगळा मोहल्ला त्या कुत्र्याला म्हाताराच म्हणायचा. कालचं खाणं भांड्यात तसंच पडलं होतं. तो कपाटासमोर बसून होता आणि मधूनच दार नखांनी खरवडत होता. मावशीला ते काही बरं वाटेना.

लोक बाहेरगावी गेले की त्यांची कुत्री-मांजरं सांभाळायची, हा मावशीचा अकरा वर्षांचा धंदा. तिचे नियम पक्के. किल्ल्या दोन हव्यात, डॉक्टरांचा नंबर हवा, परतीची तारीख लेखी हवी. मालकाचा एक न धुतलेला कपडा जनावराच्या अंथरुणावर हवा, म्हणजे ते वासाच्या आधाराने राहतं. आणि स्वतःपुरता एक नियम: परक्याच्या जनावरात जीव अडकवायचा नाही. आजवर तिने कुणाला सूट दिली नव्हती. शिंपीकाका मात्र "येतो हो आठ-दहा दिवसांत" म्हणाले आणि तारीख न घेताच तिने मान डोलावली. आज अकरावा दिवस होता.

अंथरुणावरचा सदरा म्हाताऱ्याने हुंगला आणि तोंड फिरवलं. वास उडाला होता.

तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"खात नाही? वय झालंय त्याचं," डॉक्टर म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी काका घेऊन आले होते. किती दिवस काढेल, विचारत होते. मी म्हटलं, वर्षभर, फार तर. तर म्हणाले, माझ्यापेक्षा बरा आहे की! मला वाटलं, थट्टा करताहेत."

मावशीने फोन ठेवला. चार महिन्यांपूर्वीच तर काका पहिल्यांदा दोन दिवस गेले होते, कसल्याशा तपासण्यांना. जाताना त्यांनी विचारलं होतं, "हा वास टिकतो किती हो?"

"दहा-पंधरा दिवस. पिशवीत गच्च बांधून ठेवलात तर कितीही महिने," तिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

तिने कपाट उघडलं.

आत पिशव्या होत्या. प्रत्येकीत एक सदरा, तोंड दोऱ्याने आवळलेलं, वर आकड्याची चिठ्ठी. जन्मभर लोकांचे सदरे शिवून स्वतः दोनांवर भागवणारा माणूस! त्याने चार महिन्यांत चोवीस सदरे शिवले होते, आणि प्रत्येक घामेजून मळेपर्यंत अंगावर घातला होता. पंधरवड्याला एक. बरोब्बर वर्ष. मावशीने आकडे पुन्हा मोजले. ही अक्कल आपणच शिकवली, हे तिला सहन होईना.

पंचविसावी पिशवी बांधलेली नव्हती. तिच्यात बायकी कुर्ता होता, कोरा. सोबत काकांच्या अक्षरात दोन ओळी: "शेवटी हा. चार दिवस तुम्ही घाला, मग त्याला द्या. तोवर तो तुमचाच झालेला असेल. विचारलं असतं तर तुम्ही नियम सांगितला असता."

"लबाड!" मावशी ओरडली आणि तिला रडू कोसळलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचा नंबर. तिने झडप घालून उचलला.

"काका, अहो आहात कुठं?"

"मी दवाखान्यातली नर्स बोलतेय," पलीकडून बाईचा आवाज आला. "फोन आत्ता चार्ज करून चालू केला. तुमचे सतरा कॉल आलेत. पेशंटच्या कोण तुम्ही?"

मावशीने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो जागचा उठून तिच्या पायाशी आला होता.

"घरचीच," ती म्हणाली. "सांगा."

"सकाळी सहाला गेले हो. झोपेतच."

तिने फोन ठेवला. मग तिने एक नंबरच्या पिशवीचा दोरा दातांनी तोडला आणि सदरा अंथरुणावर पसरला. म्हाताऱ्याने त्यात नाक खुपसलं. शेपटी एकदा हलली, पुन्हा हलली. मग तो खाण्याच्या भांड्याकडे गेला.

दवाखान्यात जायचं होतं. अंगावरचे कपडे केसांनी भरले होते, म्हणून मावशीने तो कोरा कुर्ता चढवला. अकरा वर्षं कामाची जड पिशवी अडकवून तिचा डावा खांदा जरासा उतरला होता. काकांनी तिला कधी मापाची टेप लावली नव्हती. कुर्त्याचा डावा खांदा तेवढाच उतरता शिवलेला होता.