एकसारख्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी खतपेटी आहे. ओळख करून देतानाही मला अवघडल्यासारखे होते, कारण माझा वास आधी पोहोचतो आणि मी मागाहून.

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात सुताराने मला बनवले, हवा खेळावी म्हणून फळ्यांत फटी ठेवून. उपाहारगृहातली साले, देठे, वाळका पाला माझ्या पोटात पडे आणि आतले जिवाणू त्याचे काळेभोर खत करत. माळीकाका ते मुठीत घेऊन म्हणत, पेटी गुणाची आहे हो! मी सुखावून जायचे.

मग ताई आली. जिवाणूंचा अभ्यास करणारी, कामाला वाघ. तिने माझ्यातल्या जिवाणूंची जनुके तपासली, तर ती जवळजवळ तंतोतंत सारखी! जिवाणू वाढवायच्या इतक्या काचेच्या बशा उगाच कशाला सांभाळायच्या, म्हणून तिने एकच प्रकार ठेवला आणि बाकीचे मारून टाकले. पुढे उरलेसुरले जिवाणूही मरावेत म्हणून माझ्यातला सगळा कचरा वाफवून घेतला आणि त्या एकट्यालाच कामाला जुंपले.

त्या बिचाऱ्याने साले फस्त केली, पण देठांना तोंड लावले नाही. खत होताना आतून ऊबदार असणारी मी गार पडले. आंबट घाण सुटली, माशा घोंघावू लागल्या. आचाऱ्याने नाक मुरडून खिडकी लावली, पाहुण्यांनी रुमाल काढले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकले, पेटी बाद झाली, मोडा.

माळीकाका कुऱ्हाड घेऊन आले, तेव्हा ताई माझ्यात कोपरापर्यंत हात घालून ती देठे चाचपत होती. तिने थोडी मुदत मागून घेतली. फुलझाडांच्या आळ्यांत माझे जुने खत होते. त्यातून तिने पुन्हा जिवाणू काढले आणि या खेपेस प्रत्येकाला वेगवेगळे खायला घालून पाहिले. कोणी सालांवर पोसला, कोणी पाल्यावर. चेहरेपट्टी एक, पण प्रत्येकाची भूक निराळी.

ती काकांसमोर उभी राहिली. कान लाल झाले होते.

"पेटीचा दोष नाही, काका. सारखे दिसले, म्हणून मीच टाकून दिले. कोण काय खातं, ते बघितलंच नाही."

"आणि देठं खाणारा?"

"तो नाही सापडला."

सापडले तेवढे सगळे जिवाणू तिने पुन्हा माझ्यात सोडले आणि मी वाचले. वासही गेला. देठे मात्र अजून तशीच राहतात. ताई बाह्या सावरून ती एकेक निवडून काढते आणि काका आले की मान वर करत नाही. मला तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, सारखा दिसतो म्हणून कोणाला फेकून देण्याआधी, तो काय करतो एवढे तरी पाहा. नंतर शोधायला गेलात, तर तो सापडेलच असे नाही.