जरा कळ काढ

पायाखालच्या कळीचं रबर उजव्या कोपऱ्यात पार झिजलं होतं. खुर्ची वरखाली करायची ही कळ. कोपऱ्यातच झिजली, कारण डॉक्टरांची टाच तिथं पडते — रोज संध्याकाळी, गर्दी असते तेव्हा. तिचा पाय तिथवर पोचत नाही. ती मधोमध दाबते, आणि मधल्या खाचा अजून नव्यासारख्या... दुपारी पेशंट असतात तरी किती! एखादी म्हातारी कवळी टोचते म्हणून येते, एखादा फिरता विक्रेता ऊन टाळायला येतो आणि येताना दात दुखवून घेतो, बाकीचे दारातूनच विचारतात, डॉक्टर कधी येणार? सुरुवातीला ती सांगायची, मीही डॉक्टरच आहे. माणसं बिचारी ओशाळायची आणि तरी पाचलाच यायची. आता ती नुसतं म्हणते, पाचला. सगळ्यांचाच वेळ वाचतो.

डॉक्टर म्हणजे तिचा नवरा. दातांच्या कॉलेजात दोघं एकाच वर्गात होती. मेणात कोरलेले तिचे दात सर वर्गभर फिरवून दाखवायचे, आणि त्याचे... जाऊ दे. आता ते उगाळून कुणाला गुण येणार आहे?

खुर्ची तिच्या वडिलांनी दिलेली. हुंडा नव्हे हं — हुंडा म्हटलं की सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. आमचं काही मागणं नाही, त्या म्हणाल्या होत्या, शिकलेली मुलगी मिळाली यात सगळं आलं. तुम्ही तुमच्या हौसेनं लेकीला दवाखाना थाटून द्याल, तर तो तिचाच. वडिलांनी घर बांधायला ठेवलेला जमिनीचा तुकडा विकला आणि हौस केली. लेकीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून तिला खुर्ची दिली — हा विनोद त्यांचाच, आणि तो सांगून ते एकटेच हसले होते. एकदा बघायला आले. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, छान आहे, तू कुठं बसतेस? तिनं स्टूल दाखवलं. केव्हा बसतेस, ते त्यांनी विचारलं नाही. तिला पुढं शिकायचं होतं, जबड्याच्या शस्त्रक्रियेत, प्रवेशसुद्धा मिळाला होता. तेव्हा हेच वडील म्हणाले, जरा कळ काढ, आधी दवाखान्याचा जम बसू दे. दवाखान्याचा जम बसला. मग लेक झाली, मग मीही बसले... बसले ती बसलेच.

आज तिला एक फोन करायचा होता. लेकीला मागणी घातलेल्या मुलाच्या आईला. मुलगा चांगला, लेकीच्याच कॉलेजातला, तिनंच पसंत केलेला. नाव ठेवायला जागा नाही. फक्त परवा निघताना त्याची आई दारात वळून म्हणाली, आमचं काही मागणं नाही हो, दवाखान्याला जागा आमची आहेच, आत तुम्ही हौसेनं काय मांडाल ते दोघांचंच. शब्दसुद्धा बदलला नाही! माणसं विमानानं फिरायला लागली, पण हौस तीच. नवरा म्हणाला, हो सांगून टाक, एकुलती एक आहे, आणि बायकांचं बायकांनीच बोललेलं बरं. लेक म्हणाली, आई, तू मोडता घालू नकोस. आणि तिला स्वतःला हो म्हणवत नव्हतं, नाही म्हणायचं बळ नव्हतं. सकाळपासून नुसतं कुठंतरी अंग टाकावंसं वाटत होतं.

दुपार कलताना लेक आली ती गाल धरूनच. अक्कलदाढ. शेवटच्या वर्षाला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा बघते, पण स्वतःची सुजली की आई लागते. बाबा बघतील की थोड्या वेळानं, असं आई म्हणाली, तर लेक सरळ खुर्चीत आडवी झाली.

"तूच बघ. तुझा हात हलका आहे."

हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच हसू आलं. तिनं कळ दाबली, खुर्ची खाली गेली, दिवा ओढला, सुई भरली. आ कर, म्हणाली, जरा कळ काढ — आणि सुई तशीच धरून थांबली. दिवसातून किती जणांना म्हणते ती हे. कुणाला कधी सांगितलंय का, किती वेळ काढायची ते?

लेकीच्या तोंडात कापूस, लाळ ओढणारी नळी आणि आईची दोन बोटं. तिला उत्तर देता येणार नव्हतं, आणि म्हणूनच — ही लबाडी आहे हे कळत असूनही — आई बोलायला लागली. हिरडीखाली साचलेली घाण धुता धुता सांगत गेली, की तो तिचाच, ते दोघांचंच, हे सगळं दारातलं बोलणं असतं. दवाखान्यातली संध्याकाळ माझ्या हातून कधी गेली, मला आठवतसुद्धा नाही. कुणी हिसकावून घेतली नाही. आधी स्वयंपाक होता, मग तुझा अभ्यास होता, मग सवय होती. तुझे बाबा वाईट नाहीत, कधी आवाज चढवला नाही, हीच तर पंचाईत. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. मी फोन करून सांगणार आहे, खुर्ची मिळणार नाही. लग्न करायचं तर खुशाल करा.

बोलून झाल्यावर तिला घाम आला होता. लेक वर छताकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यातून एक धार कानाकडे गेली. दाढेचं असेल, आईला वाटलं.

कापूस निघाला, चूळ भरून झाली. लेक उठून स्टुलाशी उभी राहिली. ओठ बधिर, त्यामुळं शब्द बोबडे येत होते, लहानपणी यायचे तसे.

"आई, तू संध्याकाळ परत मागितलीस कधी? बाबांकडे?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

ती हातमोजे काढत राहिली. एक निघाला, दुसरा बोटांना चिकटला.

"मग माझी खुर्ची का काढून घेतेस?" लेक म्हणाली. रागानं नव्हे, थकूनच म्हणाली, आणि गाल धरून निघून गेली.

फोन टेबलावर होता. तिनं तो उचलला, ठेवला. मुलाच्या आईला काय सांगायचं ते तिनं दिवसभर मनात घोळवलं होतं, आता त्यातला एक शब्द सापडेना... आपल्याला मागता येईल, असं या पोरीला वाटतंय; मलाही तसंच वाटायचं. पण मी मागून पाहिलंच नाही, तर मागता येत नव्हतं असं तरी कशावरून म्हणायचं? ती खुर्चीत टेकली. मग पाय वर घेतले. या खुर्चीत ती कधी आडवी झाली नव्हती, नवल आहे — छतावर ओलीचा एक पिवळा डाग होता, इतकी माणसं तो बघत झोपली असतील आणि कुणी बोललं नाही. बोलणार कशी, तोंडं उघडी.

पाचला जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली. एरवी अशा वेळी ती एप्रन काढून पिशवी उचलते. बाहेर कुणीतरी विचारलं, डॉक्टर आले का? तो म्हणाला, आलो आलो. कळ खाली होती, हाताला न लागणारी. झोपलेल्या माणसाला ती लागतच नाही, हे तिनं आजवर स्टुलावरूनच पाहिलेलं. हात टेकून उठता आलं असतं. पण ती उठली नाही, आणि ते दमल्यामुळं नव्हतं, एवढं तिला कळलं.