ग्लेनिसनं पुसलेलं नाव

बिनारा बीच सर्फ क्लबाच्या सन्मानफलकावर गेली पन्नासेक वर्षं फडकं फिरवत होती एक बाई, आणि फलकावर बाईचं नाव मात्र एकही नव्हतं. ग्लेनिस टकवेलला हे रोज खुपायचं असं नाही. शनिवारी खुपायचं. शनिवारी ती स्टुलावर चढायची, सोनेरी अक्षरांवरून एकेक करत फडकं फिरवायची आणि १९७६च्या ओळीपाशी आली की 'एन. टकवेल'वर जरा जास्तच जोर लावायची. एन. टकवेल म्हणजे तिचा नवरा नेव्ह. तो खाली बिअर घेऊन बसलेला असायचा. "हळू गं बाई, सोनं निघेल!" असं वर न बघताच म्हणायचा.

वल्ह्यांच्या शर्यतीत नेव्हची बोट राज्यात पहिली आली त्या दिवशी ग्लेनिस वीस वर्षांची होती आणि क्लबाच्या मागच्या खोलीत सँडविचला लोणी लावत होती. तेव्हा बायकांचं काम तेच. समुद्र पुरुषांचा, लोणी बायकांचं. पुढे नियम बदलला, बायकांना सभासद करून घेतलं, पण तोवर ग्लेनिसच्या एका कडेवर एक आणि दुसऱ्या कडेवर दुसरं पोर होतं. पोरं मोठी झाली, शहरात गेली, आणि साठी ओलांडल्यावर ही बाई एका सकाळी बोटीच्या शेडमध्ये जाऊन म्हणाली, "एक वल्हं द्या." बाप्ये हसले. रेलीन नाही हसली. रेलीन म्हणजे मासळीच्या दुकानातली, आवाज असा की भरतीनंही दोन पावलं मागं व्हावं. ती बोटीच्या मागच्या टोकाला उभी राहून सुकाणू धरायची. तिनं ग्लेनिसला आपल्यासमोर बसवलं, ताल धरायच्या जागेवर. मागच्या तिघींनी हिच्या पाठीकडं बघून वल्हं मारायचं.

आणि आता, अडुसष्टाव्या वर्षी, राज्याच्या मास्टर्स, म्हणजे वयस्कांच्या, शर्यतीत बिनाराच्या बायका पहिल्या आल्या होत्या! गळ्यात सोन्याचं पदक होतं. येत्या शनिवारी रंगारी फलकावर त्यांची नावं लिहायला सोनेरी रंगाची डबी घेऊन येणार होता.

ग्लेनिसला आभाळ ठेंगणं झालं होतं. का होऊ नये? त्या एका मोसमात तिचे दंड असे भरले होते की बेकरीवाली पाव देताना हात लावून बघायची. झोप गाढ लागायची. गुडघे कुरकुरायचे थांबले होते. आवाजही जरा भरदार झाला होता आणि चर्चच्या गाण्यात ती पुरुषांच्या रांगेत शोभली असती. "वयाला औषध नसतं," ती सगळ्यांना सांगायची, "वल्हं असतं!"

हा टोमणा नेव्हला होता. मॉलमध्ये एक क्लिनिक उघडलं होतं. रक्त तपासायचं, पुरुषांचं हार्मोन कमी पडतंय म्हणायचं आणि ते वरून भरून द्यायचं, की म्हातारपण दाराबाहेर. क्लबातले निम्मे म्हातारे तिथं जाऊन आले होते. नेव्हनं एकदा घरी विषय काढून बघितला होता. तेव्हा ग्लेनिस म्हणाली होती, "माझी पाळी गेली तेव्हा मी दोन वर्षं रात्री पंख्यासमोर उभी राहून काढली. घाम पुसला आणि चहा प्यायले. तुझं असं काय मोठं चाललंय रे?" नेव्हनं विषय मिटवला. मिटवला असं तिला वाटलं.

एक गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. मोसमभर तिचे खांदे उन्हानं भाजत होते. शेडच्या फळीवर नेव्हची सनस्क्रीनची बाटली असायची, चिकटपट्टीवर 'नेव्ह' लिहिलेली. नवऱ्याचं ते बायकोचं, म्हणून ती रोज पहाटे त्यातलं तळहातभर क्रीम खांद्याला नि दंडाला चोळायची. आणि तरी सोलून निघायची. "ह्या माणसाला सनस्क्रीनसुद्धा धड घेता येत नाही," ती मागच्या तिघींना म्हणायची. नेव्हला म्हणायला मात्र विसरायची.

बुधवारी डॉक्टर परेरांनी बोलावून घेतलं. हाडांसाठी रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा निकाल आला होता.

"ग्लेनिस, तुम्ही सध्या काय काय घेता?"

"चहा. दोन चमचे साखर."

"औषध?"

"अहो, मी राज्यात पहिली आलेय. मला कशाला औषध?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "तुमच्या रक्तात पुरुषांचं हार्मोन आहे, टेस्टोस्टेरॉन. बाईच्या अंगात थोडं असतंच. पण तुमचं एखाद्या तरण्या पोराइतकं आहे."

"मग असेल! वल्हं मारते मी. दंड बघा की."

"वल्हं मारून एवढं वाढत नाही. हनुवटीवर केस येतात का हल्ली?"

ग्लेनिसचा हात आपसूक हनुवटीवर गेला. उपटायची ती. गुपचूप, आंघोळीच्या वेळी. म्हातारपणाचं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"अंगाला काही लावता?"

"सनस्क्रीन तेवढं. नेव्हचं. आणि तेही भिकार, हे बघा."

तिनं ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला. डॉक्टरांनी लालबुंद सोललेल्या कातडीकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. "ते सनस्क्रीन नसावं," त्या हळूच म्हणाल्या.

ग्लेनिस सरळ शेडवर गेली. फळीवरची बाटली उचलली, बोटावर क्रीम घेतलं, नाकाला लावलं. खोबऱ्याचा वास नाही, कसलाच वास नाही. इतके महिने हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? ती उलटवलेल्या बोटीवर बसली आणि नेव्ह येईपर्यंत उठली नाही.

नेव्ह शीळ वाजवत आत आला. बायकोच्या हातात बाटली दिसल्यावर शीळ ओठातच राहिली.

"काय आहे हे?"

"सनस्क्रीन."

"नेव्हिल!"

पूर्ण नाव आलं की नेव्हचं अवसान गळायचं. "क्लिनिकचं आहे," तो म्हणाला. "घरी ठेवलं असतं तर तू बोलली असतीस. म्हणून त्या बाटलीत भरलं. वाटाण्याएवढं लावायचं असतं, तेवढंच लावत होतो. आणि संपायचं बघ भराभर! क्लिनिकवाले म्हणायचे, वा, नेमानं लावताय, आणि आणखी द्यायचे."

"मी लावत होते ते, गाढवा. तळहात भरभरून."

नेव्हच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडला तसा त्याचा चेहराच उतरला. "म्हणजे... हिवाळ्यापासून तू माझ्याकडं जे बघायला लागलीस... रात्री ते... मला वाटलं, औषध मला लागू पडलं!"

"मला लागू पडलं होतं!"

दुसरी कुठली वेळ असती तर ती हसून हसून वाळूत लोळली असती. आता तिला रडू फुटलं. नेव्ह तिच्याशेजारी बसला, पण हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

"ग्लेन, कुणाला कळणार आहे?"

"पहिली मी आले की तुझी बाटली आली, ते सांग मला. सांगता येतंय तुला?"



नियम साधा होता. हे हार्मोन शर्यतीत चालत नाही, मग वय विशीचं असो की सत्तरीचं, आणि नकळत लावलं म्हणूनही सुटका नाही. संध्याकाळी तिनं रेलीनला आणि मागच्या तिघींना शेडमध्ये बोलावलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. रेलीन उसळली.

"अगं, म्हाताऱ्या कोंबड्यांचं रक्त कोण तपासतंय?"

"कुणी नाही."

"मग? शनिवारी रंगारी येतोय, बाई! पन्नास वर्षांत पहिल्यांदा बायकांची नावं लागतायत. तुझ्या एकटीच्या ताठ्यापायी आम्ही चौघींनी पदक टाकायचं?"

हा घाव बरोबर बसला. स्वतःचं पदक टाकणं सोपं होतं, पण त्यांचं? मागच्या तिघींतली एक नवरा वारल्यावर बोटीत आली होती. ते पदक तिनं त्याच्या फोटोला घातलं होतं.

"रेलीन, मी तो फलक पुसते," ग्लेनिस म्हणाली. "त्यावरच्या एकाही नावाची मला लाज वाटत नाही. नेव्हच्यासुद्धा नाही. आपली नावं लागली तर दर शनिवारी मला स्टुलावर चढून ती पुसावी लागतील. मी पुसू शकणार नाही गं. हात लावता येणार नाही मला."

रेलीननं बादलीला लाथ मारली आणि निघून गेली. पण सकाळी तिचं पदक ग्लेनिसच्या पायरीवर होतं. खाली आणखी तीन होती. फोटोवरचंही होतं.

पदकं परत गेली, निकाल रद्द झाला; आपणहून सांगितलं म्हणून बंदी तेवढी टळली. रंगाऱ्याला नको म्हणून कळवलं. आणि शनिवारी ग्लेनिसनं क्लबाच्या बारमध्ये उभं राहून स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं, नाहीतर कानोकानी भलतंच पसरलं असतं. बारमध्ये हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "ग्लेनिस, दाढी कधी करतेस?" ती म्हणाली, "तुला फुटू दे आधी, मग दोघं जाऊ." मग स्टुलावर चढून तिनं फलक पुसला, नेहमीसारखा, ताठ मानेनं.

पुढचा हिवाळा वाईट गेला. क्रीमचा अंमल उतरला तसे दंड ओसरले, गुडघे पुन्हा कुरकुरू लागले, झोप मोडायला लागली. "उसनं होतं ते," डॉक्टर परेरा म्हणाल्या. "ज्याच्या अंगात खरंच कमी आहे, त्याला मापून द्यावं. तुम्हाला कमी नव्हतंच. आणि तुमच्या नवऱ्याचं रक्तही मी बघितलं. वयाच्या मानानं त्यांचंही ठीक आहे. त्यांनी चालावं, बिअर कमी करावी." ग्लेनिसला हाडांसाठी औषध मिळालं, नियमात बसणारं, आणि वजनं उचलायला सांगितलं. ती उचलायची, शिव्या देत.

नेव्हनं नवी बाटली आणली. खोबऱ्याच्या वासाची, दुकानातून, शिक्का न फोडलेली. रोज पहाटे शेडवर येऊन त्यातलं क्रीम तो स्वतः तिच्या खांद्यांना चोळायचा, एक बोट जागा न सोडता. "पाठ वळव," म्हणायचा. ही त्याची माफी आहे, हे तिला कळायचं.

मार्चमध्ये पुन्हा राज्याची मास्टर्स शर्यत आली. लाटा उंच होत्या. पाचहीजणींनी वाळूत उभं राहून पोहण्याचे कपडे मागून पार वर खोचले. उघडं ढुंगण ओल्या फळीला चिकटतं आणि घसरत नाही, म्हणून सर्फबोटीत तसंच बसतात. त्यात लाज नाही. किनाऱ्यावरच्या पोरी खिदळल्या. रेलीन गरजली, "बघून घ्या गं! सत्तरीला हे असं राहिलं तर नशीब समजा!"

भोंगा वाजला. पहिल्या चार वल्ह्यांतच ग्लेनिसला कळलं, मागच्या वर्षीचं बळ नाही. बाजूची बोट पुढं सरकली. ग्लेनिसनं दात आवळले, पण उगाच जास्त ओढलं नाही. नेहमीचाच ताल धरला, एकसारखा, आणि मग तिला जाणवलं की बोट हलकी आहे. मागच्या तिघींची वल्ही तिच्याबरोबर पाण्यात शिरत होती, तिच्याबरोबर बाहेर येत होती. मागच्या वर्षी असं कधीच झालं नव्हतं! बोयाला, त्या पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला, त्यांनी वळसा घातला. परतताना पाठीमागून मोठी लाट उठली. बाजूची बोट ती लाट पकडायला धडपडली आणि आडवी झाली. "थांब!" रेलीन ओरडली. ग्लेनिस थांबली आणि मागच्या तिघीही थांबल्या. पुढची लाट आली. "आता!" चौघींनी एकदम ओढलं, लाटेनं बोट उचलली आणि थेट वाळूत आणून घातली.

पहिली बिनारा.

रेलीननं तिला पाण्यातच मिठी मारली. "मागच्या वर्षी तू वल्हं मारत होतीस आणि आम्ही लोंबकळत होतो. आज चौघींनी मारलं. कळलं का, म्हैस?" ग्लेनिसला ओक्साबोक्शी रडू आलं. मग तिनं स्वतःचे खांदे बघितले. क्रीमनं पांढरे होते. भाजले नव्हते.

रंगारी आला आणि १९७६च्या ओळीपासून चार ओळी खाली पाच नावं सोनेरी अक्षरांत लिहून गेला. त्यातलं एक होतं 'जी. टकवेल'.

पुढच्या शनिवारी ग्लेनिस फडकं घेऊन आली तर स्टूल जागेवर नव्हतं. ते फलकाखाली सरकवलेलं होतं आणि त्यावर नेव्ह उभा होता. ओघळलेल्या दंडांचा, गुडघे लटपटणारा नेव्ह. बिअर बारवर तशीच होती. तो 'जी. टकवेल'वरून फडकं फिरवत होता, एकेक अक्षर करत.

"हळू," ग्लेनिस म्हणाली, "सोनं निघेल."

"नाही निघणार," नेव्ह म्हणाला. "स्टूल धर."

तिनं स्टूल धरलं.