लेथसमोर उभं राहू नये

या, असे जवळ सरका. पाय दुमडून बसलात तर मागच्यालाही जागा होईल. गोष्ट एका मावशीची आहे आणि तिच्यात रक्त सांडतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण रक्त सांडलं म्हणून देव काही उठून जात नाही, तेव्हा तुम्हीही उठू नका.

मावशी शिवणकाम करायची. खुब्याचं हाड मोडलं आणि घराबाहेर पडणं संपलं. भिंती बघून बघून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा तिने मागच्या खोलीत लाकूड कातायचं लेथ आणून बसवलं. उंच स्टुलावर बसायचं, फिरत्या लाकडाला पटाशी लावायची, की ओबडधोबड ओंडक्यातून गुळगुळीत वाडगा निघायचा. फळ्या भरून गेल्या. शेजारीण म्हणायची, "आता जेवायला माणसं आण, नाहीतर वाडगेच एकमेकांना वाढायला लागतील."

आली ती भाची. ओठ फुटलेला, बोचकं काखेत. मावशीने एका शब्दाने विचारलं नाही. आपली खाट दिली आणि म्हणाली, "तू जाते म्हणेपर्यंत तुला इथून कुणी हलवत नाही."

एका दुपारी दाराला लाथ बसली. जावई, भाचीचा नवरा. लेथवर तेव्हा नवा ओंडका चढवलेला होता, जड, वेडावाकडा, एका अंगाला चीर गेलेला. असलं लाकूड गोल होईपर्यंत अगदी हळू फिरवावं लागतं.

"चल," तो भाचीला म्हणाला.

"ती नाही यायची, जावईबापू."

"तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही तुमच्या वाट्या करा." त्याने हाताच्या एका फटक्यात फळी रिकामी केली. भाची आडवी आली तशी तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की ती जाऊन लेथवर आदळली. मग तिची वेणी मुठीला गुंडाळली.

"येतेस, की घालू ही यात?" भीती दाखवायला त्याने लेथ सुरू केलं आणि वेगाची कळ शेवटापर्यंत पिळली.

लेथ थयथय नाचायला लागलं. कातणारा नेहमी कडेला राहतो, कारण लाकूड सुटलं तर समोरच्याच्या अंगावर जातं.

"बाजूला व्हा. दोघंही," मावशी म्हणाली.

भाची मटकन खाली बसली. तो तसाच लेथसमोर उभा. बाईचं ऐकून बाजूला होणं त्याच्या गावीच नव्हतं. तो हसला, आणि ओंडका चिरेवर दुभंगला. अर्धा छताला, अर्धा त्याच्या तोंडावर. जबडा फुटल्याचा आवाज लाकूड फुटल्यासारखाच आला.

दात फरशीवर घरंगळले. मावशीने लेथ बंद केलं. पण वेणी अजून त्याच्या मुठीत होती. पडल्या पडल्या त्याने ती हिसडली आणि भाचीचं डोकं फरशीवर आपटलं.

मावशी काठी विसरून स्टुलावरून खाली उतरली. लाकडी मोगरी उचलून त्याच्या मनगटावर हाणली. मूठ सुटेना. पुन्हा हाणली. हाड मोडलं, मूठ सुटली. मोगरी परत वर गेली, ती त्याच्या कपाळाचा नेम धरून. आणि खरं सांगतो, मावशीला त्या क्षणी फार बरं वाटलं.

"मावशी, पुरे."

हात हवेतच थांबला. मग मोगरी टाकून मावशीने आपलं फडकं त्याच्या जबड्यावर दाबून धरलं आणि म्हणाली, "अँब्युलन्स बोलाव."

भाचीने फोन केला. मग भिंतीला टेकून म्हणाली, "मी येत नाही म्हणून सांग त्याला."

"तूच सांग. जबडा गेलाय, कान शाबूत आहेत."

भाची वाकली. "मी येत नाही," ती म्हणाली. त्याचे डोळे उघडे होते. तिने आणखी एकदा सांगितलं, हळू, शेवटपर्यंत. मध्येच कुणी तोडलं नाही.

भाची आता तिथेच राहते. तुम्ही हात जोडाल तेव्हा मावशीची आठवण ठेवा. कपाळाचा नेम धरला होता, म्हणून देवाकडे स्वतःसाठी काही मागायची तिला अजून लाज वाटते.